मागची ओळ

"फोटो," फोनमधली बाई म्हणाली आणि गप्प झाली.

फोन मांडीवर ठेवून ती गॅलरीत चहा घेत बसली होती. खाली कचऱ्याची गाडी मागे येत होती, तिचं ते एकसुरी टुं टुं चाललं होतं, आणि शेजारच्या घरात कुणीतरी मिक्सर लावला होता. तिने कप खाली ठेवला आणि पडद्यावर पुन्हा बोट टेकवलं. "फोटो," बोटाखाली येईल ते वाचून दाखवणारी बाई पुन्हा म्हणाली. मुलाने घरच्या ग्रुपवर पाठवलेला. खाली एक अक्षर नाही. मुलगा तसाच होता, लहानपणापासून शब्दांचा कंजूष. लिफ्टा बसवायच्या कामात तर त्याला बोलायची गरजच पडत नव्हती. ती पुढे काही येतंय का म्हणून थांबली, आणि मग धडाधड उत्तरंच यायला लागली. बाई ती एका दमात वाचत सुटली. नणंद: अगं बाई, अभिनंदन! जाऊबाई: डोळे भरून आले. भाची: मला केव्हाचं माहीत होतं, पोटात ठेवलं होतं. त्यापुढे: हृदयाचे डोळे असलेला हसरा चेहरा, हृदयाचे डोळे असलेला हसरा चेहरा, टाळ्या, टाळ्या, टाळ्या, नाचणारी स्त्री. कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी भल्या माणसाने प्रत्येक चिमुकल्या पिवळ्या तोंडामागे नीट ओळ लिहून ठेवली होती, त्यामुळे नणंदेची नाचणारी स्त्रीसुद्धा तिच्यापर्यंत पोचत होती. मुलाचा फोटो तेवढा पोचत नव्हता. घर घेतलं असेल? बढती मिळाली? परदेशी निघाला? भाचीने पोटात ठेवलं म्हणजे काय ठेवलं? ग्रुपवर सगळे बोलले होते, ती एकटी राहिली होती, आणि आईच गप्प आहे हे कुणाच्या तरी लक्षात येणारच होतं. तिने माईकचं बटण दाबलं आणि हसऱ्या आवाजात म्हणाली, "अभिनंदन." मग तो शब्द गेल्याचा तो भुर्रकन आवाज झाला आणि आपण कशाबद्दल अभिनंदन केलं हे आपल्याला माहीत नाही, हा विचार तिच्या अंगावरून पाल सरपटावी तसा सरपटत गेला.

असं याआधीही झालं होतं, नाही असं नाही. लग्नात, हॉटेलात, लोक फोन तिच्या नाकाशी धरायचे, "हे बघा ना," आणि ती मान हलवून म्हणायची, "वा, छान." डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. कडा शाबूत होत्या. डॉक्टर म्हणाला होता, तुम्ही पूर्ण आंधळ्या कधीच होणार नाही, आणि तो खरं बोलला होता. ताट दिसायचं, ताटातलं दिसायचं नाही. माणूस दिसायचा, पण चेहऱ्याकडे पाहिलं की चेहरा तेवढा विरघळून जायचा आणि केस आणि कान मागे राहायचे. दाराची चौकट, गॅलरीचा कठडा, रस्ता ओलांडताना पायाखालचे पांढरे पट्टे, हे सगळं तिच्या मालकीचं होतं अजून. मध्ये मात्र एक राखाडी, किंचित हलणारा ढग. जिकडे नजर वळवावी तिकडे तो आधी जाऊन बसलेला. मान हलवून "छान" म्हणायची तिला इतकी सवय झाली होती की ते खोटं आहे असं तिला वाटेनासं झालं होतं. पण मुलाच्या बाबतीत? मुलाने आयुष्यातली कुठलीतरी मोठी गोष्ट सांगितली, आणि तिने मान हलवली. छान.

ती आयुष्यभर फोटो बघण्याच्या कमाईवर जेवली होती. शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्राचा फोटोविभाग तिच्याकडे होता, आणि डोळ्याला भिंग लावून उजेडाच्या टेबलावर ओणवी झालेली बाई एवढीच तिची ओळख असल्यामुळे छपाईखात्यापासून कँटीनपर्यंत सगळे तिला 'भिंग' म्हणत. तोंडावर बाई, पाठीमागे भिंग. तिला ते माहीत होतं आणि आवडत होतं. फिल्मच्या लांब पट्ट्या काचेवर पसरलेल्या, खालून दुधाळ प्रकाश, आणि त्या प्रकाशात नखाएवढी माणसं. एखाद्या चौकटीवर ती थबकायची. छातीत काहीतरी हलायचं, आणि मगच डोक्याला कळायचं आपण का थबकलो ते. हाच. कडेचा खांब काप, डावीकडचा हात राहू दे. फोटोखालची ओळ लिहिणाऱ्या नव्या पोरांना ती एकच गोष्ट शिकवायची: दिसतंय ते लिहू नका. "फोटोत अमुक हसताना दिसत आहेत" असं कुणी लिहिलं की लाल पेनाने काट. "वाचकाला डोळे आहेत," ती म्हणायची. "तू त्याला नाव सांग, गाव सांग, कधी ते सांग. हसणं तो बघेल." तो नियम बरोबरच होता, अजूनही खालच्या ओळीसाठी तोच बरोबर आहे. फक्त त्या नियमात एक वाचक धरला होता, आणि ती आता त्या वाचकातून बाहेर पडली होती.

फोन वाजला. सून होती. "आई, बघितलंत ना? तुमचं अभिनंदन आलं, पण मला वाटलं तुम्ही फोनच कराल."

तिला वाटलं, म्हणावं, बघितलं गं, किती छान. शब्द ओठांपर्यंत आलेही. "नाही," ती म्हणाली. "मला नुसतं 'फोटो' एवढंच ऐकू आलं. काय आहे त्यात?"

मग सून हळू आवाजात म्हणाली, "अगं आई गं," आणि दूर तोंड करून ओरडली, "अहो, इकडे या आधी. आईंना सांगितलंच नाहीत तुम्ही. सोनोग्राफीचा फोटो नुसता टाकून दिलात!"

सोनोग्राफी. ती कठड्याला धरून उभी राहिली. मुलगा फोनवर आला, तसाच, घसा खाकरत. "आई, सॉरी. लक्षातच नाही आलं."

"ते राहू दे. तो फोटो हातात आहे का?"

"आहे."

"सांग."

"काय सांगू? काळंपांढरं आहे. काही कळत नाही तसं. डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा कळलं."

"मग डॉक्टरांनी कसं दाखवलं?"

तो विचारात पडला. त्याची सवय तिला पाठ होती, तो आता कपाळ खाजवत असणार. "त्या म्हणाल्या, हे डोकं. ही पाठ. आम्ही म्हटलं, कुठे? मग त्यांनी बोटाने गिरवून दाखवलं." तिला हसू आलं. म्हणजे डोळे धडधाकट असलेल्या दोघांनाही कुणीतरी बाजूला बसून सांगावंच लागलं होतं, तोवर त्यांनाही नुसतं धुकंच दिसत होतं. "मग मला गिरवून दाखव," ती म्हणाली.

आणि तो बोलायला लागला. आधी अडखळत. काळी पिशवी आहे, आई, म्हणजे पिशवीसारखं, घेवड्याच्या शेंगेच्या आकाराचं काळं. तिच्या तळाशी एक काजू पडलाय. पांढरट. काजूचं एक टोक जाड, ते डोकं. मध्ये एक हात आलाय, हात म्हणजे अजून हात नाही, होडीचं वल्हं असतं ना, तेवढं टोक. आणि एक चमकदार ठिपका, तो हृदयाचा, फोटोत तो नुसताच ठिपका आहे पण तिथे पडद्यावर लुकलुकत होता, रात्री लिफ्टच्या खोलीत तो एकच दिवा लुकलुकतो ना, तसा. एवढं सलग तो तिच्याशी कधी बोलला होता? बाप गेला तेव्हा नाही, लग्न ठरलं तेव्हा नाही. ती डोळे मिटून ऐकत होती, राखाडी ढग मिटल्या डोळ्यांआडही होताच, पण त्या ढगाच्या मधोमध आता काजू होता. "तोंड कुणीकडे आहे त्याचं?" तिने विचारलं.

"तोंड नाही दिसत. पाठ आहे आपल्याकडे."

"मग तुझ्यावरच गेलंय. तुझाही एक फोटो धड नाही, सगळ्यांत पाठ."

सून पलीकडे खळखळून हसली, आणि मुलगाही हसला, आणि मग त्याच्या आवाजात काहीतरी ओलं आलं. "आई, खरं सांगू? तुला सांगताना मला पहिल्यांदा नीट दिसलं ते."

त्यानंतर घरच्या ग्रुपवर मुलाने फर्मान काढलं, की फोटो टाकाल तर खाली दोन ओळी लिहा, नाहीतर टाकू नका. लोकांनी मनावर घेतलं. नणंदेने लिहिलं, "मी, समुद्रावर, निळा ड्रेस, बरीच बारीक दिसतेय." त्यावर जाऊबाईंनी लिहिलं, "वर्णन खोटं आहे." ती एकटीच घरात मोठ्याने हसली. पण हसून झाल्यावर मनात काहीतरी टोचत राहिलं. तोंडाला चव आली की भूक खवळते तसं झालं होतं. घरच्यांना सांगता येतं. बाहेरच्या सगळ्या फोटोंचं काय? नोकरी सुटल्यापासून तिने आपल्या वर्तमानपत्राची वेबसाइट एकदाही उघडली नव्हती. सासर सोडून आलेली बाई त्या गल्लीतून जात नाही, तसं. आता तिने ती उघडली.

फोनमधली बाई बातम्या वाचत गेली आणि फोटो आला की आवाज किंचित बदलून सांगत गेली. "फोटोत असू शकेल: एक व्यक्ती, उभी." "फोटोत असू शकेल: दोन किंवा अधिक माणसे, वाहन, रस्ता." म्हणजे त्यांनी यंत्र लावलं होतं. नाहीपेक्षा बरं, तिला वाटलं. निदान 'असू शकेल' म्हणायची लाज तरी यंत्राला आहे. मग ती आगीच्या बातमीवर आली. रंगाच्या कारखान्यात लागलेली आग, आत अडकलेले कामगार, इस्पितळाच्या अंगणात मृतांची यादी वाचली जात असताना उभे असलेले घरचे. त्या अंगणातला फोटो तिला माहीत होता. तो काढला होता लंबूने, तिच्या हाताखाली उमेदीची वर्षं काढलेल्या आणि अजून नोकरीत टिकलेल्या फोटोग्राफरने, आणि आदल्याच दिवशी तो तिच्या घरी आला होता. म्हणाला होता, "एक बाई होती गं. तोंड उघडं, पण आवाज नव्हता. मी बटण दाबलं आणि मला वाटलं, आपण माणूस आहोत की कोण." तिने त्या फोटोवर बोट ठेवलं.

"फोटोत असू शकेल: आनंदी माणसांचा समूह, हसताना, बाहेर."

तिने बोट उचललं नाही. उघडी तोंडं, दिसणारे दात, ताणलेले गाल. यंत्राने मोजलं आणि बेरीज केली. शहरात किती घरांत आत्ता कुणी आपल्यासारखं बसून हे ऐकत असेल? त्या अंगणातल्या कुणाचा आंधळा बाप, आंधळा भाऊ? त्याला ही फोनमधली बाई त्याच शांत आवाजात सांगत असेल, आनंदी माणसांचा समूह. तिने चपला घातल्या, काठी घेतली आणि रिक्षा बोलावली.

वर्तमानपत्राच्या इमारतीचा जिना तिच्या पायांना पाठ होता, पण आत सगळं हललं होतं. फोटोविभाग होता तिथे आता काचेची खोली होती. संपादक धावत बाहेर आला. हा तिच्याच हाताखाली उमेदवारीला लागला होता, त्यामुळे त्याचे केस विरळ झाले तरी तिच्या मनात त्याचं नाव 'उमेदवार'च होतं. "बाई! कळवायचं तरी. गाडी पाठवली असती."

"बस," ती म्हणाली. "आणि हे ऐक." तिने फोनचा आवाज मोठा केला आणि त्या फोटोवर बोट ठेवलं.

फोनमधल्या बाईने सांगितलं. काचेच्या खोलीत कुणाचीतरी खुर्ची करकरली आणि थांबली. वेबसाइट सांभाळणारी तरुण मुलगी दारात आली होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "हे मी बसवलंय. मी… मी प्रत्येक ओळ ऐकत नाही. रोज शेकडो फोटो जातात, मॅडम." तिच्या आवाजात रडू होतं. हे बसवणाऱ्यावर चिडायलाच ती रिक्षा करून आली होती, पण मुलीचा आवाज ऐकल्यावर राग कुठे ठेवावा ते कळेना. जिथे काहीच नव्हतं तिथे हिने काहीतरी ठेवलं होतं, तेही कुणी न सांगता. संपादक म्हणाला, "आत्ता काढून टाकतो. पण बाई, माणसं कुठून आणू? एकेका फोटोवर कोण बसणार?"

"मी बसते," ती म्हणाली. म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

सगळे काय विचार करत आहेत हे तिला दिसल्यासारखं कळत होतं, आणि ते विचारायचं धाडस शेवटी मुलीनेच केलं. "पण मॅडम, तुम्हाला फोटो… म्हणजे तुम्ही कसं लिहिणार?"

"मी लिहिणार नाही. ज्याने पाहिलंय त्याच्याकडून काढून घेईन. आयुष्यभर तेच तर केलं." बोलता बोलता तिला ते सुचत होतं. "फोटोला खालची ओळ असते ना, तशी एक मागची ओळ. खालची ओळ डोळसांसाठी. मागची ओळ बाकीच्यांसाठी, फोन ज्यांना वाचून दाखवतो त्यांच्यासाठी. पहिल्या पानाचे आणि मोठ्या बातम्यांचे फोटो आपण हाताने करू, उरलेले तुझ्या यंत्राचे मी ऐकून तपासते. जिथे ते बावचळेल तिथे मी ओरडते. ओरडायला डोळे लागत नाहीत, काय रे?"

"नाही," संपादक म्हणाला. "ते आम्ही भोगलंय."

फोटोग्राफरांनी नाकं मुरडली. "बोलता आलं असतं तर कॅमेरा कशाला घेतला असता?" लंबू म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण ती मागे लागली. फोटो धाडला की तिला फोन करायचा, बस. सुरुवातीला ते सांगायचे, "मंत्री आहेत, भाषण करताहेत." ती म्हणायची, "ते खालच्या ओळीत आहे. तुझा डोळा आधी कुठे गेला?" ते म्हणायचे, "अं… हातावर. हात मुठीत आहे, पण अंगठा आत दुमडलाय, लहान मुलाचा असतो तसा." "हां. मग तेच सांग ना." ती त्यांना तोडायची, परत विचारायची, उशीर झाला तर शिव्या घालायची, आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं, की आपल्या छातीत पुन्हा ते हलायला लागलंय. बारा वाक्यांतून एक वाक्य येतं आणि तिथे आपण थबकतो. हेच. कडेचं काप, हे राहू दे. उजेडाचं टेबल गेलं, भिंग गेलं, ढग तर कायमचाच येऊन बसला, आणि जे आपलं होतं ते डोळ्यांत नव्हतंच मुळी, हे कळायला एवढी वर्षं लागली. कारखान्याच्या फोटोची मागची ओळ तिने लंबूकडूनच घेतली. त्याला फार वेळ लागला. शेवटी ती अशी गेली: "इस्पितळाच्या अंगणात दाटीने उभी माणसं, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. पुढे एका बाईने तोंड उघडलं आहे आणि दोन्ही हात स्वतःच्याच कानांवर दाबून धरले आहेत." त्यानंतर लंबू टाळाटाळ करेनासा झाला.

मग बोगद्याची गोष्ट घडली. डोंगरातून रस्ता नेताना बोगदा मध्येच ढासळला आणि कामगार आत अडकले. दिवसामागून दिवस यंत्रं खोदत होती, थांबत होती, मोडत होती, पुन्हा खोदत होती. सगळा देश तिकडे कान लावून होता. रिक्षावाला विचारायचा, दूधवाला विचारायचा, दर तासाला मुलाचा फोन, तो यंत्रं जाणणारा असल्यामुळे सुटकेची नळी कशी आत ढकलतात ते सांगायचा आणि मध्येच म्हणायचा, "बाळ ऐकतंय हं आई, मांडीवर आहे," कारण काजूची आता मुलगी झाली होती, आणि ती मोठ्या आवाजाला घाबरायची नाही असं तिच्या बापाचं निरीक्षण होतं. लंबू बोगद्याच्या तोंडाशी तळ ठोकून होता. ऐन दुपारी त्याचा फोन आला. मागे इतका गलका होता की त्याचे शब्द त्यात बुडत होते.

"आला! अगं, आला एक बाहेर!"

काचेच्या खोलीत सगळे उभे राहिले. कुणीतरी टेबलावर हात आपटला, कुणी रडायला लागलं. ती फोनवर ओणवी झाली. "कसा आला?"

"कसा म्हणजे? चालत!"

"चालत कसा, लंबू? कुणी धरलंय?"

"कुणी नाही. धरायला गेले होते, त्याने कोपराने बाजूला सारलं. स्वतःच्या पायांनी आलाय पठ्ठ्या."

"डोळे?"

"डोळ्यांवर काळं कापड बांधलंय. इतके दिवस अंधारात, उजेड सोसायचा नाही म्हणून. पण हा… अगं, हा डोकं मागे टाकून कापडाच्या खालच्या फटीतून बघतोय!"

"काय बघतोय?"

"आभाळ असणार. दुसरं काय आहे वर?"

"असणार नको. दिसतंय ते सांग."

"हनुवटी वर. पार वर. गळ्याच्या शिरा ताणल्यात. तोंड चिखलाने राखाडी, आणि ओठ… ओठ लहान मुलासारखे उघडे. मागे एक साहेब छत्री उघडून धावत आलाय, त्याच्यावर ऊन नको म्हणून, पण मध्येच थबकलाय. छत्री त्याच्या डोक्यावर न धरता नुसतीच हातात. आणि डावीकडून एक बाई धावत येतेय, त्याचीच असणार… नाही, बरोबर, असणार नको. एक बाई धावतेय. एक चप्पल मागे पडलीय."

फोटो पडद्यावर आला होता. वेबसाइटवाली मुलगी वाचल्यासारखी सांगत होती, संपादक विचारत होता कुठे कापायचा, आणि सगळे तिच्याकडे वळले होते. ते वळल्याचं तिला पावलांच्या आवाजावरून कळलं. तिने डोळे मिटले. माणूस मधोमध. छत्री उजवीकडे. डावीकडे बाई. सबंध बाई ठेवली तर फोटो रुंद होतो, माणूस लहान होतो. "डावीकडून आत ये," ती म्हणाली. "अजून. बाईचा फक्त हात राहू दे. छत्री पूर्ण ठेव." मुलीने कापलं आणि तिच्या तोंडून नकळत "ओ" असा आवाज निघाला, आणि तेवढ्यावर तिला कळलं की बरोबर कापलं गेलं. मागची ओळ तिने उभ्यानेच सांगितली: "बोगद्याच्या तोंडाशी चिखलाने माखलेला माणूस एकटा, स्वतःच्या पायांवर उभा. डोळ्यांवर काळं कापड, पण डोकं मागे टाकून तो कापडाखालच्या फटीतून वर बघतो आहे. मागे एक अधिकारी उघडी छत्री हातात धरून थबकला आहे. डाव्या कडेतून एका बाईचा हात आत आला आहे. बोटं ताणलेली, अजून पोचलेली नाहीत."

त्या दुपारी फोटो आणि त्याची मागची ओळ एकाच क्षणी लोकांत गेली. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. मुलगा सांगत होता की तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असताना त्याने ती नुसती ऐकली, फोटो नंतर पाहिला, आणि फोटोत वेगळं काहीच नव्हतं. दोनतीन वर्तमानपत्रांनी विचारलं की हे कसं करता. संपादकाने मागची ओळ कायमची करायची असं ठरवलं आणि दारावर तिच्या नावाची पाटी लावायची का विचारलं; ती म्हणाली, लावायचीच असेल तर 'भिंग' लाव. सगळे आधी घाबरले आणि मग हसले. तिला वाटलं, पुरे, आता याहून काय हवं.

दुसऱ्या दिवशी ती तिच्या टेबलाशी बसलेली असताना संपादक आला. त्याचा आवाज थोडा चमत्कारिक होता. "बाई, एक फोन आहे. वाचक. कुणी फिजिओथेरपिस्ट आहेत, बाईच आहेत. जन्मापासून दिसत नाही म्हणतात. कालच्या फोटोबद्दल तक्रार आहे."

"मागच्या ओळीबद्दल?" तिने फोनसाठी हात पुढे केला. "काही चुकलं?"

"नाही. ओळीबद्दल नाही. फोटोबद्दल."

तिने फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज खणखणीत होता, कामाच्या घाईतला, मागे कुठेतरी मोजत मोजत व्यायाम करणारं कुणीतरी. "तो फोटो तुम्ही कापलात का? मग मला सांगा, हात आहे म्हणजे बाई आहे. बाई कुठे गेली? ती इतके दिवस तिथे बाहेर बसली असेल, धावत आली असेल, आणि तुम्ही तिला कापून टाकलंत! आणि तो छत्रीवाला साहेब, त्याला मात्र अख्खा ठेवलात. वाईट कापलाय तुम्ही फोटो. अगदी वाईट."

आयुष्यभर तिला असे फोन आले होते, माजी न्यायाधीशांचे, चित्रकारांचे, पुढाऱ्यांच्या भावांचे. फोटो चुकलाय, फोटो वाकडा आहे, आमच्या साहेबांचा कान कापलाय. ते सगळे बघणारे लोक होते. आणि आज जिने कधी एकही फोटो पाहिला नव्हता ती एक बाई तिला फोटो कसा कापावा ते शिकवत होती, रागावून, हक्काने, जणू काचेच्या टेबलावर दोघी शेजारी ओणव्या आहेत. तिच्या छातीतून हसू वर आलं, ते तिने मोठ्या कष्टाने दाबलं, कारण समोरचीला ते थट्टेसारखं वाटलं असतं आणि ही थट्टेची वेळ नव्हती.

"सबंध बाई ठेवली असती," ती म्हणाली, "तर वाचक तिच्याकडेच बघत बसला असता."

"मग बघू दे की! मीही बघत बसले असते."

"पण हात एकटा असला की माणूस विचारतो, पोचला का? तुम्ही विचारलंत ना?"

"विचारलं. म्हणून तर फोन केला. मला रात्रभर बाई हवी होती."

"म्हणजे फोटोने काम केलं."

"म्हणजे फोटोने मला चिडवलं. ते वेगळं. आणि छत्री? छत्रीचं काय उत्तर आहे तुमच्याकडे?"

संपादक समोर उभा होता, उत्तर काय द्यायचं ते तिने सांगावं म्हणून थांबलेला. तिने हाताने त्याला जायची खूण केली, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि कोपरं नीट टेकवून बसली.

"छत्रीचं ऐका," ती म्हणाली.

"नाही," पलीकडची बाई म्हणाली, "आधी तुम्ही ऐका."